मंत्र्याला प्रश्न विचारणारा माणूस मंत्रीच निवडतो तेव्हा

3 ऑक्टोबर 2012 रोजी ब्रिटनचे वाहतूकमंत्री पॅट्रिक मॅक्लॉक्लिन यांनी लंडन ते ग्लासगो या मुख्य रेल्वेमार्गाची निविदा प्रक्रियाच रद्द केली. सात आठवड्यांपूर्वी, 15 ऑगस्टला, त्या मार्गावर गाड्या चालवण्याचं कंत्राट फर्स्टग्रुप या कंपनीला मिळाल्याचं त्यांच्याच खात्यानं जाहीर केलं होतं. तोवर या मार्गावर गाड्या चालवणारी व्हर्जिन कोर्टात गेली. कोर्टात मांडायची कागदपत्रं तयार करताना खात्याच्या लक्षात आलं की आपलीच आकडेमोड चुकली आहे. या घोळात करदात्यांचे किमान 5 कोटी पौंड गेल्याचा अंदाज पुढे संसदेच्या लोकलेखा समितीनं मांडला.

चूक काय होती? कंत्राट घेणाऱ्या कंपनीनं मधेच हात वर केले तर सरकारला फटका बसू नये, म्हणून तिच्या पालक कंपनीकडून काही रक्कम राखीव ठेवून घेतली जाते. ती किती असावी हे ठरवायला खात्यानं एक गणिती साधन वापरलं. त्यातून येणारे आकडे महागाई वगळून होते. ते महागाई धरून आहेत असं समजून वापरले गेले, त्यामुळे रक्कम मुळातच कमी निघाली. वर, कोणाकडून किती मागायची हे ठरवताना दोन कंपन्यांना दोन न्याय लागले. फर्स्टकडे 20 कोटी पौंड मागितले, व्हर्जिनकडे 4 कोटी. हे सगळं अनेक टेबलांवरून पुढे सरकलं आणि एकाही टेबलावर अडलं नाही.

याची चौकशी केली सॅम लेडलॉ यांनी. ते तेव्हा सेंट्रिका या ऊर्जा कंपनीचे प्रमुख होते. ब्रिटिश गॅस याच कंपनीची. पण चौकशी त्यांच्याकडे आली ती त्यांच्या दुसऱ्या भूमिकेमुळे. वाहतूक खात्याच्या मंडळावरचे ते ज्येष्ठ बिगर-कार्यकारी सदस्य होते. म्हणजे बाहेरचे, पूर्णवेळ नोकरी दुसरीकडे करणारे, वर्षातले काही दिवस खात्याला देणारे, आणि खात्यात काय चाललंय ते विचारण्याचा अधिकार असलेले गृहस्थ. डिसेंबर 2012 मध्ये आलेल्या त्यांच्या अंतिम अहवालानं खात्याची चूक लपवली नाही. पारदर्शकता नव्हती, जबाबदारी नेमकी कोणाची हे स्पष्ट नव्हतं, अनुभवी माणसं कमी पडली, असं त्यात सरळ लिहिलं होतं.

हे पद नेमकं काय आहे आणि त्यावर माणूस कसा निवडतात, हे इथे समजून घेऊ. विषय ब्रिटनचा आहे, पण आपल्या शेअर बाजारातल्या कंपन्यांचे स्वतंत्र संचालक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्यातली अडचण लगेच ओळखीची वाटेल.

ब्रिटनच्या प्रत्येक मोठ्या खात्याला एक मंडळ असतं. आजचं त्याचं स्वरूप 2010 मध्ये आलं. कॅमेरून यांचं आघाडी सरकार नुकतंच सत्तेवर आलं होतं. कॅबिनेट ऑफिसचे मंत्री फ्रान्सिस मॉड यांचं मत होतं की सरकारी खाती अब्जावधी पौंड खर्च करतात, पण एवढा पैसा आणि एवढी माणसं हाताळण्याचा अनुभव असलेलं कोणी वरच्या खोलीत बसलेलं नसतं. बिगर-कार्यकारी सदस्य त्याआधीही होते, पण मंडळ चालवायचे ते खात्याचे सर्वोच्च अधिकारी. नव्या रचनेत अध्यक्षपद खुद्द मंत्र्यांकडे आलं. मंडळात साधारण सारख्या संख्येनं तीन गट बसू लागले: मंत्री आणि त्यांचे सहकारी राज्यमंत्री, खात्याचे वरिष्ठ अधिकारी, आणि बाहेरचे सदस्य. बाहेरचे किमान चार, आणि त्यांतले बहुतेक मोठे, गुंतागुंतीचे उद्योग चालवलेले. संपूर्ण सरकारसाठी अशा सदस्यांचे प्रमुख म्हणून बीपी या तेल कंपनीचे माजी प्रमुख लॉर्ड ब्राउन यांना नेमलं गेलं. ते 2015 पर्यंत त्या पदावर होते, नंतर सर इयन चेशायर आले.

या मंडळाला धोरण ठरवण्याचा अधिकार नाही. शाळांना किती अनुदान द्यायचं, कोणता कायदा आणायचा, हे मंत्रीच ठरवणार आणि त्याबद्दल संसदेला उत्तरही तेच देणार. पैशाचा हिशेब देण्याची जबाबदारी खात्याच्या स्थायी सचिवांवर, म्हणजे सर्वोच्च अधिकाऱ्यांवर असते, तीही वैयक्तिक. लोकलेखा समितीसमोर त्यांनाच बसावं लागतं. मंडळ या दोघांना सल्ला देतं आणि त्यांच्या कामावर नजर ठेवतं. खात्यांच्या कारभाराच्या नियमावलीनं मंडळासाठी पाच विषय ठरवून दिले आहेत: खात्याची दिशा स्पष्ट आहे का, व्यवहारात शहाणपणा आहे का, योग्य माणसं योग्य जागी आहेत का, कामाचे परिणाम दिसतात का, आणि वर येणारी माहिती भरवशाची आहे का.

मला यांतला पाचवा विषय सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनमध्ये सहा वेगवेगळी सरकारी साहाय्यं एकत्र करून युनिव्हर्सल क्रेडिट नावाची एकच योजना आणायचं ठरलं. सप्टेंबर 2013 मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं तिच्यावर जो अहवाल दिला, त्यात 3 कोटी 40 लाख पौंडांची संगणकप्रणाली निकामी म्हणून सोडून द्यावी लागल्याची नोंद होती. त्याच अहवालात लेखापरीक्षकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: या प्रकल्पात फक्त चांगल्या बातम्या वर कळवण्याची पद्धत पडली होती. खालच्या माणसाला अडचण माहीत असते, मधल्याला तिची कुणकुण असते, आणि मंत्र्यांच्या टेबलावर जाणाऱ्या कागदावर सगळं हिरवं दिसतं. तो कागद हातात घेऊन ‘हा आकडा आला कुठून?’ असं विचारणारं कोणीतरी खोलीत हवं. त्या माणसाची बढती कोणाच्या हातात नसावी, आणि त्याला पुढच्या निवडणुकीचीही काळजी नसावी. बिगर-कार्यकारी सदस्य नेमण्यामागचा सगळा विचार हाच आहे.

या सदस्यांत जो ज्येष्ठ असतो, त्याच्याकडे जास्तीचं काम असतं. बाकीच्या बाहेरच्या सदस्यांना तो एकत्र बांधून ठेवतो. मंत्री आणि स्थायी सचिव यांचं पटेनासं झालं तर दोघांशी बोलू शकणारा तो एकटाच असतो. मंडळ नीट काम करतंय का, याचा आढावा दरवर्षी घेण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. खात्याच्या वार्षिक अहवालात त्याच्या नावानं टिपण छापलं जातं. स्थायी सचिवांचं वर्षाचं मूल्यमापन होतं तेव्हा त्याचं मत विचारलं जातं. बाहेरच्या सदस्यांच्या हातात शेवटचं हत्यारही दिलेलं आहे. स्थायी सचिव कामात अडथळा ठरतायत असं वाटलं तर त्यांना हटवावं, अशी शिफारस ते पंतप्रधान, मंत्री आणि नागरी सेवेचे प्रमुख यांच्याकडे करू शकतात.

मानधन वर्षाला 15,000 पौंड. ज्येष्ठ सदस्याला किंवा लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षाला 20,000. काम साधारण वीस-बावीस दिवसांचं असतं, ज्येष्ठ सदस्याचं त्याहून जास्त भरतं. मोठ्या खासगी कंपन्यांत अशाच कामाला याच्या कितीतरी पट पैसे मिळतात, म्हणून या पदासाठी अर्ज करणारे पैशासाठी येत नाहीत. काही जण मानधन घेतही नाहीत.

आता निवडीकडे येऊ. खरी गुंतागुंत इथे आहे.

प्रक्रिया वरवर पाहता सरळ दिसते. खातं पदाचं वर्णन लिहितं, सरकारच्या नेमणुकांच्या संकेतस्थळावर जाहिरात देतं, कधी वरिष्ठ माणसं शोधून देणाऱ्या संस्थेची मदत घेतं. उमेदवारानं आपली कारकीर्द मांडायची, आणि सोबत साधारण दोन पानांचं निवेदन द्यायचं. जाहिरातीत दिलेल्या प्रत्येक आवश्यक निकषावर आपण कसे उतरतो, हे त्यात उदाहरणांसह लिहायचं. हितसंबंध जाहीर करायचे: कोणत्या कंपन्यांत पद आहे, कोणत्या शेअर्सचा खात्याच्या कामाशी संबंध येतो, घरातलं कोणी खात्याशी व्यवहार करतं का. मागच्या पाच वर्षांत कोणत्या पक्षासाठी काम केलं असेल, उमेदवारी लढवली असेल किंवा मोठी देणगी दिली असेल, तर तेही. एक पॅनेल अर्जांची छाननी करतं, मुलाखती घेतं, आणि कोण नेमण्याजोगं आहे याची यादी मंत्र्यांना देतं. निवड मंत्री करतात.

या शेवटच्या वाक्यात सगळी मेख आहे. पॅनेल क्रमांक लावून एकच नाव देत नाही. ‘हे तिघे नेमण्याजोगे आहेत’ एवढंच सांगतं, त्यातून कोणाला घ्यायचं ते मंत्री ठरवतात. 2016 मध्ये आलेल्या सार्वजनिक नेमणुकांच्या संहितेनं हा अधिकार मंत्र्यांकडे उघडपणे ठेवला आहे. पदाचं वर्णन त्यांना मान्य असावं लागतं, पॅनेलवर कोण बसणार हे त्यांना विचारून ठरतं, आणि ते स्वतः नावंही सुचवू शकतात. पॅनेलनं नाकारलेला माणूसही ते नेमू शकतात. फक्त त्याआधी सार्वजनिक नेमणुकांच्या आयुक्तांशी बोलावं लागतं आणि कारण जाहीर करावं लागतं.

मंत्र्यांना इतका अधिकार का, असा प्रश्न पडतोच. त्यामागे कारण आहे, आणि मला ते पटतं. मंडळाचे अध्यक्ष मंत्री आहेत. ज्याच्यावर त्यांचा जराही विश्वास नाही असा माणूस बसवला, तर मंत्री बैठकच घेणार नाहीत. बैठक घ्यायलाच हवी अशी सक्ती करणारा कायदा नाही, आणि काही मंत्र्यांनी मंडळाकडे फिरकणंच सोडून दिल्याच्या तक्रारी वेळोवेळी झाल्याही आहेत. पण विश्वासाचा माणूस आणि होयबा यांच्यातलं अंतर फार थोडं असतं. ते राखण्याचं काम निवड प्रक्रियेचं आहे, आणि तिथेच या पदाच्या बाबतीत मोठी फट राहिली.

सार्वजनिक नेमणुकांच्या आयुक्तांची देखरेख देशातल्या शेकडो मंडळांच्या नेमणुकांवर असते. खात्यांच्या स्वतःच्या मंडळांवरचे बिगर-कार्यकारी सदस्य मात्र बरीच वर्षं या देखरेखीच्या बाहेर राहिले. खुली जाहिरात द्यायची की नाही, पॅनेलवर स्वतंत्र माणूस घ्यायचा की नाही, हे खात्याच्या मर्जीवर होतं. तेव्हाचे आयुक्त पीटर रिडेल यांनी 2020 मध्ये याबद्दल उघड काळजी व्यक्त केली. त्याच वर्षी आरोग्यमंत्री मॅट हॅन्कॉक यांच्या खात्याच्या मंडळावर त्यांच्या विद्यापीठाच्या दिवसांपासूनच्या मैत्रिणीची नेमणूक झाली. लोकांना ती वर्तमानपत्रांतून कळली. जून 2021 मध्ये दोघांची खात्याच्या कार्यालयातली चित्रफीत बाहेर आली, कोविडच्या काळातले अंतर राखण्याचे नियम मोडल्याबद्दल हॅन्कॉक यांना राजीनामा द्यावा लागला, आणि त्या मैत्रिणीनंही मंडळ सोडलं. वर्तमानपत्रांना रस होता तो दोघांच्या संबंधांत. मला जास्त गंभीर वाटतं ते हे, की मंत्र्यांच्या कामावर नजर ठेवायला बसवलेली व्यक्ती मंत्र्यांच्या इतकी जवळची असू शकते, आणि हे कुठेच अडत नाही.

नोव्हेंबर 2021 मध्ये सार्वजनिक जीवनातील मानकांच्या समितीनं आपल्या अहवालात शिफारस केली की खात्यांच्या मंडळांवरच्या या नेमणुकाही आयुक्तांच्या देखरेखीखाली आणाव्यात. ही समिती 1994 मध्ये जॉन मेजर पंतप्रधान असताना स्थापन झाली. लॉर्ड नोलन तिचे पहिले अध्यक्ष होते, आणि 1995 मध्ये तिनं सांगितलेली निःस्वार्थीपणा, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व ही सात तत्त्वं आजही अशा पदांच्या जाहिरातींत छापलेली असतात. 2023 मध्ये संसदेच्या सार्वजनिक प्रशासन समितीनंही या सदस्यांच्या भूमिकेवर स्वतंत्र अहवाल दिला. देखरेख आली की सगळं सुधारेल असा माझा दावा नाही. पण खुली जाहिरात, पॅनेलवर एक तरी खरोखर बाहेरचा माणूस, आणि नेमणुकीचं कारण लेखी नोंदवणं, एवढं झालं तरी मित्राला बसवणं पुष्कळ अवघड होतं.

आपल्याकडे हाच पेच कंपन्यांत दिसतो. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या मंडळावर किमान एक तृतीयांश स्वतंत्र संचालक हवेत. त्यांनी लक्ष ठेवायचं कोणावर, तर बहुतेक वेळा प्रवर्तक कुटुंबावर. आणि मतांचं पारडं जड असतं त्याच कुटुंबाचं. म्हणून 1 जानेवारी 2022 पासून सेबीनं स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीसाठी विशेष ठराव लागेल असा नियम केला, म्हणजे तीन चतुर्थांश मतं हवीत. साधं बहुमत हातात असलं तरी प्रवर्तकाला आता बाकीच्या भागधारकांना विचारावं लागतं. खात्याला भागधारक नसतात. तिथे ती जागा पॅनेलवरच्या स्वतंत्र सदस्यानं आणि आयुक्तांनी भरून काढायची असते. आपल्या केंद्र आणि राज्य सरकारच्या खात्यांना असं मंडळच नाही. बाहेरचे संचालक सरकार नेमतं ते सार्वजनिक उपक्रमांवर.

माणूस कसा हवा, यावर बरीच मतं आहेत. 2010 च्या कल्पनेत मोठ्या कंपनीचा प्रमुख हे आदर्श चित्र होतं. मला ते अपुरं वाटतं. कंपनीच्या प्रमुखानं आज ठरवलं की उद्या ते होतं. खात्यात मंत्री घोषणा करतात, वित्त खातं पैसे अडवतं, संसदेची समिती बोलावते, न्यायालय स्थगिती देतं, आणि जे गिऱ्हाईक परवडत नाही त्याला दार बंद करायची सोय सरकारला नसते. हे सगळं कळून घ्यायला नव्या सदस्याला बरेच महिने लागतात, आणि वर्षाला जेमतेम बावीस दिवस हातात असतात. म्हणून चांगल्या जाहिरातीत निव्वळ उद्योग चालवल्याचा अनुभव मागत नाहीत. ज्या कामात तुमचा हुकूम चालत नव्हता तिथे तुम्ही बदल कसा घडवला, असं विचारतात. मुलाखतीतही हाच धागा पकडतात. तुमच्या अध्यक्षांना न आवडणारं मत तुम्ही कधी मांडलं, कसं मांडलं, आणि पुढे काय झालं? या प्रश्नाला ज्याच्याकडे खरा प्रसंग नाही, त्याचा बाकीचा अर्ज कितीही झळाळता असला तरी इथे त्याचा उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट पाहायची ती स्थैर्याची. हे सदस्य साधारण तीन वर्षांसाठी नेमले जातात, आणि मुदत वाढू शकते. मंत्री इतके टिकत नाहीत. 2022 या एका वर्षात ब्रिटनच्या शिक्षण खात्यानं पाच मंत्री पाहिले: नदीम झहावी, मिशेल डोनेलन, जेम्स क्लेव्हर्ली, किट मॉल्टहाउस आणि जिलियन कीगन. डोनेलन यांनी तर दोनच दिवसांत राजीनामा दिला. अशा वेळी ज्या मंत्र्यानं सदस्याला निवडलं तो निघून जातो, आणि सदस्य पुढच्या मंत्र्यासाठी परका ठरतो. ज्याची नेमणूक नीट स्पर्धेतून झाली, त्याच्या शब्दाला नवा मंत्रीही किंमत देतो. ज्याला आधीच्या मंत्र्यानं ओळखीनं आणलं, त्याला नवा मंत्री आधीच्याचा माणूस समजतो आणि बाजूला सारतो. म्हणजे चांगली प्रक्रिया खुद्द सदस्याच्या फायद्याची आहे, हे अर्ज करणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

ब्रिटनमध्ये राहणारे, बँका, आरोग्यसेवा, माहिती तंत्रज्ञान, विद्यापीठं अशा ठिकाणी वरच्या पदांवर पोचलेले मराठी लोक आता कमी नाहीत. त्यांच्यापैकी कोणी अशी जाहिरात पाहिली, तर अर्ज लिहायला बसण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात. ही नेमणूक आयुक्तांच्या देखरेखीखाली होणार असं जाहिरातीत लिहिलंय का. पॅनेलवरच्या लोकांची नावं दिली आहेत का, आणि त्यांत खात्याबाहेरचा कोण आहे. स्थायी सचिव पॅनेलवर असतील, तर त्यांच्या कामाबद्दल पुढे मत द्यायचंय तुम्हाला, हे ध्यानात असू द्या. आणि खात्याच्या मागच्या दोन वर्षांच्या वार्षिक अहवालांत कारभाराचं प्रकरण उघडून बैठकांच्या उपस्थितीचा तक्ता पाहा. नियमावलीप्रमाणे मंडळ वर्षात किमान चारदा भरायला हवं. तक्त्यात नावासमोर किती बैठका झाल्या आणि त्यांतल्या कितींना हजर होते, असे दोन आकडे असतात. मंत्र्यांच्या नावासमोरचे आकडे आधी पाहा. बैठका कमी झाल्या असतील, किंवा मंत्री बहुतेकींना नसतील, तर मुलाखतीत तुम्हाला शेवटी ‘आमच्यासाठी काही प्रश्न?’ असं विचारतील तेव्हा पहिला प्रश्न त्याचाच विचारा.